कांडवेल : द्राक्षाच्या घराण्यातली कोरडवाहू वेल

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा बांधावरच्या बहुतेक वेली वाळून काड्या झालेल्या असतात. थोराच्या कुंपणावर किंवा बोरी-बाभळीवर चढलेली कांडवेल मात्र हिरवी असते. अंगावर पान जवळजवळ नाही, नुसती चौकोनी कांडी एकाला एक जोडलेली. हाडजोड, हाडसांधी ही तिचीच नावं. रूप पाहून ती निवडुंगाची कुणीतरी वाटते, पण तिचं कूळ द्राक्षाचं आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये तिला दिलेलं सिसस क्वाड्रँग्युलॅरिस हे नाव आजही चालतं.

कूळ ओळखायचं ते तणाव्यावरून, म्हणजे आधाराला विळखा घालणाऱ्या दोऱ्यासारख्या भागावरून. कारल्याचा, गिलक्याचा तणावा पानाच्या देठाजवळून, त्याच बाजूने निघतो. द्राक्षकुळात तो पानाच्या बरोबर समोरून निघतो. नाशिकचे बागायतदार त्याला बाळी म्हणतात, आणि द्राक्षाचा घड जिरून त्याची बाळी झाली की कपाळाला हात लावतात. असं होऊ शकतं, कारण घड आणि बाळी मुळात एकाच अंकुरातून घडतात. कांडवेलीचा तणावा साधा असतो, द्राक्षासारखा फाटा फुटलेला नसतो. पावसाळ्यात तिच्या पानासमोरच बारीक हिरवट फुलांचे झुबके येतात. त्यांना पाकळ्या चार, द्राक्षाला सहसा पाच. फळं वाटाण्याएवढी, पिकल्यावर लाल आणि बहुधा एकबियांची. ती खायची नाहीत, तोंड चरचरतं.

दोन वनस्पतींशी तिची गल्लत होते. थोर मोडला की पांढरा चीक येतो आणि त्याला काटे असतात. कांडवेलीतून पाण्यासारखा रस येतो, काटा नसतो. मुरमाड टेकड्यांवरच्या शिंदळ माकुडीचं खोडही चौकोनीच, पण ती ताठ उभी राहते आणि तिला तणावे नसतात.

या वेलीने पानाचं बरंचसं काम खोडावर टाकलंय. कोवळ्या शेंड्याला पानं येतात, जाडसर आणि लहान, पण ती लवकर गळतात. मग अन्न करायचं ते हिरव्या कांड्याने. खोडाची रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, दिवसा मिटलेली असतात आणि रात्री हवा गार झाली की उघडतात. आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो. दिवसा ऊन मिळालं की रंध्रं बंद ठेवूनच त्यातून साखर बनते. त्यामुळे पहाटेचं कांडं संध्याकाळच्या कांड्यापेक्षा आंबट असतं. शाळेत हे सहज दाखवता येतं: एकाच वेलीची सारख्या वयाची कांडी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला घ्या, दोन्ही वेळा १० ग्रॅम तुकडा ५० मिलिलिटर पाण्यात ठेचा आणि पीएचची पट्टी बुडवा. सकाळचा आकडा खाली येतो, आणि आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. चव घेऊन मात्र बघू नका. पाण्याची फारच टंचाई झाली तर ही वेल रात्रीही रंध्रं उघडत नाही. श्वसनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइडच आतल्या आत फिरवून ती तग धरते. वाढ थांबते, पण कांडं जिवंत राहतं.

सातपुड्यातल्या रानद्राक्षाने, म्हणजे गोलिंद्याने, दुष्काळावर वेगळी युक्ती काढली आहे. तो उन्हाळ्यात वरून मरून जातो, जमिनीतल्या गाठाळ मुळांत जीव धरतो आणि पहिल्या पावसाबरोबर तळहाताहून मोठी पानं घेऊन वर येतो.

कांडवेल लावायची असेल तर बियांच्या नादी लागू नये. बोटाएवढ्या जाडीचं, दोन-तीन पेरांचं छाट कलम घ्यावं आणि ते लगेच लावू नये. तीन-चार दिवस सावलीत ठेवलं की कापलेला भाग सुकून बंद होतो. ओलं कलम ओल्या मातीत गेलं तर बुरशी लागून खालून मऊ पडतं. मुळं पेराच्या सांध्याला फुटतात, म्हणून एक सांधा मातीत असलाच पाहिजे. आपल्याकडची भारी काळी माती तिला मानवत नाही, पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. कुंडीत निम्मी माती आणि निम्मी वाळू-मुरूम घ्यावा. शेतात दगडी बांधाचा उतार उत्तम. मृगाच्या सरी पडल्यावर लावावं. पाणी वरचा थर सुकल्यावरच.

आता उपयोग. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ती अस्थिसंहारक म्हणून येते, आणि मोडलेल्या हाडावर ठेचून बांधायची रीत जनावरांसाठीही आहे. बनारस हिंदू विद्यापीठातल्या के. एन. उडुपा आणि जी. प्रसाद यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्राण्यांच्या मोडलेल्या हाडांवर, कॅल्शियमचा माग काढता यावा म्हणून किरणोत्सारी कॅल्शियम-४५ वापरून, तिचा परिणाम तपासला होता. भरून येण्याचा वेग वाढल्याचं त्यांना दिसलं. माणसांवरच्या चाचण्या त्यामानाने लहान आहेत. शिवाय कोणतीही वेल हाड जागेवर बसवत नाही. एक्स-रे न काढता पाला ठेचून घट्ट पट्टी आवळली तर वाकडं जुळतं, आणि रक्तपुरवठा तुटला तर अवयव गमवावा लागतो. बोटं थंड, निळी किंवा बधिर झाली तर पट्टी तिथेच सोडवून दवाखाना गाठावा.

खाण्यात ती तमिळनाडूत जास्त आहे. तिथे तिला पिरंडै म्हणतात आणि तिची चटणी करतात. फक्त शेंड्याची दोन-तीन कोवळी पेरं घ्यायची, हाताला तेल लावायचं, चारही कडांचे दोर सोलायचे, सांधे टाकून द्यायचे, तुकडे तेलात हिरवेपणा जाईपर्यंत परतायचे आणि चिंच घालून वाटायचे. एवढा खटाटोप कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे, अळू खाजतो तो त्यांच्यामुळेच. त्या पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून नुसतं उकळून भागत नाही. जून कांडं घेतलं किंवा कच्चट राहिलं की घसा धरतो. मुतखड्याची तक्रार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ही चटणी टाळावी. चिरताना खाज सुटलीच तर चिंचेचं पाणी चोळून हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांना लावू नयेत.