तांबं दिसलं म्हणजे खोटं? हिणकस नाणं वेगळं, सालीचं नाणं वेगळं

रोमन चांदी जमवायला लागून वर्षभर झालेला माणूस एक दिवस भिंग लावतो, नाण्याच्या उंचवट्यावर लालसर झाक दिसते आणि त्याच्या पोटात गोळा येतो. आतून तांबं निघालं, फसलो! मग विकणाऱ्याशी वाद, नाणं परत, आणि एक अस्सल डिनॅरियस, म्हणजे रोमनांचं चांदीचं नाणं, हातचा जातो. उलटंही तितकंच चालतं. तांब्यावर चांदीचा पत्रा गुंडाळलेलं नाणं ‘त्या काळी चांदी कमीच असायची हो’ म्हणून खपवलं जातं आणि घेणारा मान डोलावतो. दोन्ही प्रकार ऐकून माझे कान किटले आहेत.

पहिलं नाणं हिणकस, म्हणजे टांकसाळीनंच चांदीत तांबं वितळवून मिसळलेलं. दुसऱ्याला संग्राहक ‘फूरे’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ सारण भरलेलं. मी त्याला सालीचं नाणं म्हणतो, कारण वर चांदीची साल आणि आत तांब्याचा गर.

डिनॅरियसबद्दल फार सांगत नाही, तो तुमच्या ओळखीचा आहे. इ.स.पू. २११च्या सुमारास सुरू झाला, वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास, मग लवकरच चार ग्रॅमच्या खाली. कित्येक पिढ्या चांदी जवळजवळ निर्भेळ. सम्राट नीरोनं इ.स. ६४ मध्ये वजन आणि कस दोन्ही उतरवले. पुढे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसनं सैन्याचे पगार वाढवले, तेव्हा चांदी निम्म्यावर आली. त्याच्या मुलानं, काराकालानं, २१५ मध्ये अँटोनिनियानस काढला. संग्राहक त्याला दोन डिनॅरियसचं नाणं मानतात, पण त्यात चांदी जेमतेम दीड डिनॅरियसची. सम्राट गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत, म्हणजे २६८ पर्यंत, ती पाच टक्क्यांच्याही खाली गेली.

डिनॅरियस आणि अँटोनिनियानस ओळखण्याबद्दलही लोक पानंच्या पानं लिहितात. सम्राटाच्या डोक्यावर पानांची माळ असेल तर डिनॅरियस, सूर्यकिरणांचा काटेरी मुकुट असेल तर अँटोनिनियानस. राणीच्या खांद्याखाली चंद्रकोर दिसली तरी अँटोनिनियानस. मुकुट पितळी दुपोंडियसवरही असतो, पण पितळ आणि चांदी यांत गोंधळणाऱ्याला माझा इलाज नाही. हा विषय इथे संपला.

खरी मेख कातडीत आहे. हिणकस नाण्याचीही कातडी आतल्यापेक्षा पांढरी असते, आणि ती कुणी चिकटवलेली नसते. आपल्याकडचा जुना सोनार चांदीचा दागिना तापवून आम्लात बुडवतो, तेव्हा काय होतं ते आठवा. तापवल्यावर वरच्या थरातलं तांबं काळं पडतं, आम्ल ते काळं खाऊन टाकतं आणि मागे पांढरी स्वच्छ चांदी उरते. रोमन टांकसाळीत कोऱ्या चकत्यांवर हेच करत आणि मग ठसा मारत. त्यामुळे निम्म्या चांदीचं नाणंसुद्धा टांकसाळीतून दुधासारखं पांढरं बाहेर पडे. बाजारात फिरताफिरता सम्राटाचं नाक, गाल, दाढी झिजली की आतला गव्हाळ, किंचित तांबूस रंग वर येतो. माझ्याकडच्या सेव्हेरसचं तसंच आहे. दाढीच्या वळणांत पांढरं, गालावर पिवळट, आणि पांढरं कुठे संपतं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. पहाटेच्या उजेडासारखा एक रंग दुसऱ्यात मिसळलेला.

सालीच्या नाण्याला असली भिडभाड नसते. कारागीर तांब्याची चकती चांदीच्या पातळ पत्र्यात गुंडाळून तापवी. चांदी एकटी वितळायला ९६२ अंश लागतात, तांब्याला १०८५. पण दोन्ही एकमेकांना चिकटून तापले की जोडावर ७७९ अंशांनाच धातू वितळू लागतो. वेगळा डाख लावायची गरजच नाही, धातू स्वतःच स्वतःला डाख देतात. मग ठसा. नवं असताना अशी नाणी भल्याभल्यांना चकवत असणार. पण दोन हजार वर्षं मातीत राहिल्यावर ओल आत शिरते, तांबं कुजून फुगतं आणि वरचा पत्रा फाटतो.

माझ्याकडे रोमन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळातलं असं एक आहे. रोमा देवतेच्या मानेपाशी चांदी उचलली गेलीय. भिंगाखाली तिथे चक्क पायरी दिसते. वर पत्र्याची जाडी, खाली तांबूस-तपकिरी खड्डा आणि मध्ये नखासारखी धारदार कड. तोंडाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली एक फोड आलाय, पुरीला येतो तसा.

म्हणून माझा सगळा भर त्या कडेवर. रंग बघू नका, रंगाची हद्द बघा. हद्द विरघळत गेली असेल तर हीण, पायरी असेल तर साल. हिरवा डाग हा कसलाच पुरावा नाही. तांबं दोन्हींत आहे, हिरवं दोन्हीकडे फुटतं. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही.

एक अपवाद मात्र नीट लक्षात घ्या, कारण जाणकारही इथे घसरतात. गॅलिएनसनंतरच्या अँटोनिनियानसवर टांकसाळच चांदीचं झिलईसारखं पाणी देई. ते जागोजाग उडून खालचं तपकिरी दिसतं, कधी त्यालाही कड असते. तरी ते फूरे नव्हे. पाणी देणं वेगळं, पत्रा चढवणं वेगळं, हा फरक मराठी बोलणाऱ्याला शिकवायला लागू नये. ते पाणी कागदाहूनही पातळ असतं, त्याला पायरी म्हणावी इतकी जाडीच नसते. शिवाय आतली धातूही थोड्या चांदीची भेसळ असलेलीच आहे, आणि नाणं सरकारी आहे.

वजनकाट्यावर लोक फार विसंबतात. प्रजासत्ताकाच्या किंवा ऑगस्टसच्या नाण्यापुरतं ते ठीक. चांदीची घनता १०.५, तांब्याची ९च्या जरा खाली. त्यामुळे ३.८ ग्रॅम भरायला हवं ते नाणं सालीचं असेल तर सव्वातीनच्या आसपास येतं. पाण्यात तोलून घनता काढली की निकाल हातात. पण सेव्हेरसच्या निम्म्या चांदीच्या मिश्रणाचीच घनता मुळात ९.६ भरते. तीन ग्रॅमचं झिजलेलं नाणं आणि घरगुती काटा घेऊन तुम्ही हिणकस नाण्याचे ९.६ आणि सालीच्या नाण्याचे ९.२ यांचा निवाडा करणार असाल तर शुभेच्छा.

नाण्यात कोणता धातू किती ते सांगणाऱ्या क्ष-किरणांच्या बंदुकीवरही मला राग आहे, म्हणजे तिच्या वापरावर. दुकानात नाण्यावर टेकवली, ‘९२ टक्के चांदी’ असा आकडा आला, लोक खूश. ती वाचते फक्त कातडी, आणि कातडीत काय दडलंय ते वर आलंच. यात विद्वानही सापडले होते. वॉकर यांनी १९७०च्या दशकात पृष्ठभाग मोजून नीरोच्या सुधारित नाण्यांत सुमारे ९३ टक्के चांदी सांगितली. पुढे बुचर आणि पाँटिंग यांनी नाण्यांच्या कडेतून आत भोक पाडून नमुने घेतले, तेव्हा ६४च्या सुधारणेनंतरचा आकडा ८०च्या आसपास निघाला. सालीच्या नाण्यावर तर ही बंदूक अस्सल चांदीच दाखवेल, कारण साल अस्सल चांदीचीच असते!

याच कारणानं हिणकस नाणं लिंबू, चिंच किंवा दंतमंजन लावून चकचकीत करणाऱ्यांवर माझा दात आहे. नाण्यातली सगळ्यात चांगली चांदी केसाएवढ्या वरच्या थरात असते आणि तुम्ही नेमकी तीच घासून काढता. नंतर ‘आतून तांबं निघालं’ म्हणून तुम्हीच ओरडता.

सालीची नाणी कुणी केली यावर वाद झाले. काही काळ ती सरकारचीच लबाडी समजत. माझा कल बनावटखोरांकडे आहे, कारण कित्येकांच्या दर्शनी बाजूला एक सम्राट आणि मागे भलत्याच कारकिर्दीचा ठसा असतो. जो ठसा हाताला लागेल तो वापरणाऱ्याचं हे काम. रोमन लोक स्वतः या प्रकाराला वैतागलेले होते. इ.स.पू. ८५ च्या सुमारास मारियस ग्रातिदियानस या अधिकाऱ्यानं डिनॅरियस पारखण्याची व्यवस्था लावून दिली, तर लोकांनी गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभारले. नाणी पारखून दिली म्हणून पुतळे! सावकारांनी पारखताना उमटवलेल्या बारीक खुणा आजही अनेक डिनॅरियसवर दिसतात. आपल्या आहत, म्हणजे छोटे ठसे ठोकलेल्या प्राचीन, नाण्यांतही तांब्यावर चांदी चढवलेली सापडतात, त्यामुळे हा धंदा फक्त रोमनांचा समजू नका.

आणि सालीचं नाणं निघालं म्हणून विकणाऱ्याच्या तोंडावर फेकू नका. फूरे म्हणून, फूरेच्या भावात मिळत असेल तर मी आधी घेतो. रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की बनावट डिनॅरियसचा नमुना अभ्यासायला लोक कित्येक खरे डिनॅरियस मोजतात. माझं ते फोड आलेलं नाणं मात्र मला खऱ्याच्या निम्म्यातच मिळालं, कारण विकणाऱ्याला ते हिणकस वाटलं होतं.