गायी हजार, वळू दोन: डांगी जात वाचवण्याचं गणित

30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र सरकारनं देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून जाहीर केलं आणि गोशाळांमधल्या प्रत्येक देशी गायीसाठी रोज 50 रुपये अनुदान ठरवलं. गोशाळेत गाय जगते, हे चांगलंच आहे. पण तिथं जात टिकतेच असं नाही. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, डांगी, कोकण कपिला या आपल्या राज्यातल्या वेगवेगळ्या जाती. जात टिकते ती पुढच्या पिढीत, आणि पुढच्या पिढीचा हिशेब गायींपेक्षा वळूंवर अवलंबून असतो.

मुंबईकरांना सगळ्यात जवळची जात डांगी. ज्या पावसावर मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा धरणं भरतात, त्याच पावसात ही गुरं उघड्यावर चरतात. शहापूर, जव्हार, इगतपुरी, पेठ, सुरगाणा, अकोले आणि पलीकडे गुजरातेतला डांग हा त्यांचा मुलूख. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, आणि कातडीतून झिरपणारा तेलकट स्राव, त्यामुळं पाणी अंगावर थांबत नाही. खूर काळे आणि टणक, चिखलात राहूनही लवकर सडत नाहीत. भातखाचरातल्या चिखलणीला डांगी बैलासारखा बैल नाही. दूध मात्र थोडं, दिवसाला दोन-तीन लिटर. पॉवर टिलर आल्यावर बैलाची गरज घटली आणि जातीचं अर्थकारणच कोसळलं.

अशा वेळी एक उपाय हमखास सुचवला जातो: दोन उत्तम वळू निवडा, त्यांच्या रेतानं सगळ्या गायी भरा, पाच-सात वर्षांत हजारो डांगी तयार. संख्या वाढेल, पण जात आतून पोखरली जाईल. का, ते आकड्यांत पाहू.

प्रत्येक वासराची निम्मी जनुकं गायीकडून आणि निम्मी वळूकडून येतात. हजार गायी आणि दोन वळू असतील, तर पुढच्या पिढीची निम्मी जनुकं फक्त दोन जनावरांतून आलेली असतात. हे मोजायला ‘परिणामकारक संख्या’ वापरतात. सूत्र सोपं आहे: वळूंची संख्या गुणिले गायींची संख्या गुणिले 4, भागिले दोघांची बेरीज. 2 वळू आणि 1000 गायी घेतल्या, तर 8000 भागिले 1002, म्हणजे जेमतेम 8. आनुवंशिकदृष्ट्या हा हजाराचा कळप आठ जनावरांएवढाच! आता गायी दहापट करा, 10,000. उत्तर पुन्हा 8 च्या आतच राहतं. त्याऐवजी गायी हजारच ठेवून वळू 10 केले, की उत्तर जवळजवळ 40 येतं. वाढवलेल्या आठ वळूंनी जे साधलं, ते वाढवलेल्या नऊ हजार गायींनी साधलं नाही.

पुढची पायरी. अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातल्या संकरामुळं एकच जनुक आई आणि बाप दोघांकडून सारखं येण्याची शक्यता, दर पिढीला सुमारे 1 भागिले (2 गुणिले परिणामकारक संख्या) या गतीनं वाढते. परिणामकारक संख्या 8 असेल तर ही वाढ पिढीला 6.25 टक्के. पाच पिढ्यांनी साठलेलं अंतःप्रजनन 27 टक्क्यांच्या वर जातं. बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या वासरात ते 25 टक्के असतं, यावरून अंदाज यावा. परिणामकारक संख्या 50 ठेवली, तर पाच पिढ्यांनंतरही ते 5 टक्क्यांच्या आत राहतं. म्हणूनच 50 हा किमान आकडा जगभर धरला जातो.

नुकसान कुठं दिसतं? प्रत्येक जनावरात काही सदोष जनुकं झाकलेली असतात, कारण जोडीचं दुसरं जनुक चांगलं असतं. नात्यातल्या संकरात दोन्ही सदोष जोडीनं येतात. मग गायी वारंवार उलटतात (भरूनही गाभण राहत नाहीत), दोन वेतांतलं अंतर वाढतं, वासरं अशक्त निपजतात आणि मरतात. शेतकऱ्याला वाटतं जातच वाईट, आणि तो ती विकून टाकतो.

आता प्रत्यक्षात काय करायचं? समजा 500 गायी आहेत. गावांचे चार गट करा, प्रत्येक गटात चार वळू. सोळा वळू आणि 500 गायी म्हणजे परिणामकारक संख्या 62. पहिल्या गटात जन्मलेले वळू दुसऱ्या गटात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे चौथ्यात, चौथ्याचे पहिल्यात. दिशा कधीच उलटवायची नाही. वळू एका ठिकाणी तीन वर्षांहून जास्त ठेवायचा नाही, कारण त्यानंतर त्याच्याच कालवडी माजावर यायला लागतात. गाव बदलण्याआधी ब्रुसेला, क्षय, ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर यांची तपासणी हवीच, नाहीतर एक वळू गावभर गर्भपात पसरवतो.

योजना फसते ती तीन जागी. पहिली, प्रदर्शनात बक्षीस मिळवलेल्या एकाच वळूचे गोऱ्हे सगळ्यांना हवे असतात. सोळा सावत्र भाऊ म्हणजे सोळा वळू नव्हेत. प्रत्येक वळूमागं त्याचा एकच मुलगा पुढं ठेवायचा. दुसरी, रानात गुरं एकत्र चरतात, आणि न निवडलेला दीड-दोन वर्षांचा गोऱ्हा आधीच गाय भरून जातो, म्हणून कानातल्या 12 अंकी बिल्ल्यावर केलेली नोंद खोटी ठरते. निवड आधी आणि लगेच बाकीच्यांचं चिमट्यानं खच्चीकरण, हा क्रम मोडता येत नाही. तिसरी जागा सगळ्यात दुर्लक्षित: डांगीला ‘गावठी’ समजून दूध वाढवायला गीर जातीच्या रेताची कांडी भरली जाते. देशीत देशीच मिसळलं, असं समाधान वाटतं, पण डांगी तेवढीच कमी होते.

इथं मुंबईतल्या दूधबाजाराबद्दल बोलायलाच हवं. वशिंडातली ‘सूर्यकेतू नाडी’ ऊन शोषून दुधात सोनं उतरवते, असं सांगितलं जातं. अशी कोणतीही नाडी नाही. वशिंडात स्नायू आणि चरबी असते. देशी गायीचं दूध ‘ए2’ म्हणून दुप्पट भावानं विकलं जातं, त्याचंही तसंच. बीटा-केसिन प्रथिनाच्या 67 व्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, एवढाच हा फरक आहे. आणि तबेल्यातल्या म्हशीचं दूधही ए2 च असतं, त्यासाठी दुप्पट पैसे कुणी मोजत नाही. डांगीला वाचवण्यासाठी तिच्या दुधात चमत्कार शोधायची गरज नाही.

जिवंत कळपाला जोड म्हणून गोठवलेलं रेत हवं. गोठताना पेशीत बर्फाचे सुईसारखे स्फटिक होतात आणि पेशी फाटते. ग्लिसरॉल ते रोखतं, हा शोध 1949 चा. आज 0.25 मिलिलिटरच्या कांडीत सुमारे 2 कोटी शुक्रजंतू उणे 196 अंशांच्या द्रवनत्रात राहतात. कांडी काढताना कांड्यांचा डबा नत्राच्या भांड्याच्या मानेच्या वर उचलला, तर काही सेकंदांत स्फटिक पुन्हा वाढतात आणि उरलेल्या कांड्याही वाया जातात. वितळवायचं 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद. खिशात किंवा तळहातावर नव्हे. देशी गायीचा माज अल्पकाळ आणि बऱ्याचदा रात्री असतो, म्हणून सकाळी माज दिसला तर रेतन त्याच संध्याकाळी. नत्राची पातळी दर आठवड्याला पट्टीनं मोजायची.

पण नुसत्या रेतातून जात पुन्हा उभी करायची, तर दुसऱ्या जातीच्या गायी पिढ्यान्‌पिढ्या भराव्या लागतात. पाच पिढ्यांनी 96.9 टक्के डांगी, म्हणजे किमान वीस-पंचवीस वर्षं. आणि तरीही पेशीतली मायटोकाँड्रिया डांगीची कधीच येत नाहीत, कारण ती फक्त आईकडून मिळतात. म्हणून वेगवेगळ्या घराण्यांतल्या गायींचे भ्रूणही गोठवायला हवेत, आणि ते दोन वेगळ्या शहरांत ठेवायला हवेत, म्हणजे एका भांड्यातलं नत्र संपलं तरी सगळं संपणार नाही.