थायमॉल आणि टेलचं वावर

वनस्पतीचं नाव कळलं की तिच्या तेलात काय आहे तेही कळलं, हा समज फार पसरलेला आहे. तो किती चुकीचा आहे ते थाइम या सुगंधी झुडपाकडून शिकावं.

घरी अमृतधारा केलेल्यांना ओव्याचं फूल माहीत असतं. कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर बाटलीत घातलं की तिन्ही खड्यांचं पाणी होतं. हे ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. युरोपात खोकल्यावर वापरतात त्या थाइममध्येही ते असतं. पण प्रत्येक झुडपात नाही!

दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएच्या उत्तरेला सें-मार्तें-द-लोंद्र हे खोलगट खोरं आहे. तिथली रानटी थाइम एकाच जातीची, पण तेलं सहा प्रकारची: जिरॅनिऑल, टर्पिनिऑल, थुयानॉल, लिनलूल, कार्वॅक्रॉल आणि थायमॉल. कोणत्या झुडपात काय मुख्य असेल हे ठरतं जनुकांवरून, आणि ते ठरण्याची रीत मला अतिशय आवडते.

कालव्याचा पाट डोळ्यांसमोर आणा. दहा कार्बनांचा एकच कच्चा माल पाटातून वाहतोय. पहिलं दार उघडं असेल, म्हणजे त्या जागी प्रभावी जनुक असेल, तर जवळजवळ सगळं पाणी जिरॅनिऑलच्या वाफ्यात जातं. पुढे कोणती दारं उघडी आहेत याला अर्थच उरत नाही. ते बंद असेल तर टर्पिनिऑल, मग थुयानॉल, याच क्रमाने पुढे. थायमॉल अगदी टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला. वरची सगळी दारं बंद असतील तरच त्याच्या वावरात पाणी. म्हणून जिरॅनिऑलच्या दोन झुडपांच्या संकरातून थायमॉलचं रोप निघू शकतं: दारं बंद करणारी जनुकं आईबापांत दडलेली असतात.

मग निवड करते थंडी. हिवाळ्यात जड, गार हवा खोऱ्यात साचते. तिथे कार्वॅक्रॉल-थायमॉलची झुडपं कडाक्याच्या गारठ्यात मरतात. भोवतालच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर मात्र तीच टिकतात. 1970च्या दशकात खोऱ्याच्या ज्या भागांत ती नव्हती, तिथे 2010च्या सुमारास सापडली. मधल्या काळात तसा गारठाच पडला नव्हता.

कार्वॅक्रॉल आणि थायमॉल ही दोन्ही फिनॉल गटातली रसायनं. ती पेशींचं आवरण सैल करतात, म्हणून त्यांच्या वाफेत ठेवलेलं गवताचं बी सहसा रुजत नाही. लिनलूलचा मारा सौम्य. म्हणजे ‘थाइमचं तेल तण मारतं’ हे विधान कोणतं थाइम ते सांगितल्याशिवाय अपुरं आहे.

शिवाय काचेच्या बशीत घडतं ते रानात घडेलच असं नाही. 1964 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ म्युलर यांनी कॅलिफोर्नियातल्या सेज या सुगंधी झुडपांभोवतीच्या उघड्या पट्ट्यांचं कारण त्यांच्या तेलातल्या कापूर आणि सिनिओलच्या वाफा असं मांडलं. प्रयोगशाळेत त्या वाफांनी रोपं खरोखर खुंटत होती. पुढे बार्थोलोम्यू या संशोधकाने (निष्कर्ष 1970 मध्ये प्रसिद्ध) अशाच पट्ट्यांवर तारेच्या जाळ्या बसवल्या, उंदीर-ससे आत येऊ नयेत म्हणून. जाळीच्या आत गवत उगवलं.