पुढची चाकं, चिखल आणि मनालीचा बर्फ

जुलैत अमळनेरजवळच्या एका शेतरस्त्यावर माझी गाडी अडकली. उजवं पुढचं चाक गाऱ्यात गरागरा फिरत होतं, डावं मात्र ढिम्म. मी रेस वाढवत गेलो, तशी टायरच्या खाचांत काळी माती भरून चाक साबणासारखं गुळगुळीत झालं. बांधावरून एक शेतकरी दादा आले. "भाऊ, रेस नको देऊ, चाक खोल जाई ऱ्हायनं." त्यांनी चाकापुढे कपाशीच्या सुक्या काड्या दाबून बसवल्या, दोघांना बॉनेटवर भार द्यायला लावला. मी दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडला आणि गाडी निघाली.

थंडीत आपली गाडी घेऊन मनालीला निघणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो. बर्फातही हेच विज्ञान चालतं.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना मिळते. इंजिन आणि गिअरबॉक्सही तिथेच, त्यामुळे गाडीचा साधारण 60 टक्के भार पुढे असतो. चाकाची पकड म्हणजे त्यावरचा भार गुणिले घर्षणांक, म्हणजे रस्ता किती पकड देतो ते सांगणारा अंक. कोरड्या डांबरावर हा अंक 0.8च्या आसपास, दाबलेल्या बर्फावर जेमतेम 0.2, काचेसारख्या गोठलेल्या थरावर 0.1 किंवा त्याहूनही कमी. 1000 किलोच्या गाडीत पुढे 600 किलो भार असेल, तर दाबलेल्या बर्फावर ओढ मिळते फार तर 120 किलोची. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या (मागच्या-चाक) रिकाम्या गाडीत ती याहून कमी भरते. म्हणून सपाटीवर जागचं हलायला आपली गाडी चांगली.

चढावर मात्र भार मागे सरकतो. त्यात मागच्या सीटवर तिघं आणि डिकी गच्च भरलेली असली की पुढची चाकं हलकी होऊन फिरू लागतात. इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारं डिफरन्शियल दोन्ही चाकांना फिरवणारा जोर सारखाच देतं, त्यामुळे ज्याची पकड कमी त्याच्याच मापाने दोन्ही चालतात. माझं डावं चाक ढिम्म होतं ते यामुळेच. शिवाय फिरणारं चाक खालचा बर्फ घासून, वितळवून आणखी निसरडा करतं.

वळणावर खरी परीक्षा. टायरची पकड ही एकच भाकरी. ओढणं आणि वळणं असे तिचे दोन वाटेकरी. मागच्या-चाक गाडीत ओढण्याचं काम मागची चाकं करतात, आपल्याकडे दोन्ही वाटे पुढच्याच चाकांकडे. वळणात रेस दिली की वळायला काही उरत नाही आणि गाडी सरळ दरीकडे निघते. अशा वेळी रेस हळूहळू कमी करा, स्टिअरिंग आणखी पिळू नका. पाय झटक्यात उचलला तर भार पुढे येऊन मागची बाजू फिरते.

ब्रेकच्या बाबतीत पुढच्या चाकांच्या ताकदीचा काडीचाही उपयोग नाही. ताशी 40 किमी वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून 8 मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर तिला 31 मीटर लागतात. निघून दाखवणारी गाडी थांबेलही, हा समज फार घातक आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकणारं रबर 7 अंशांखाली कडक होऊ लागतं. हिवाळी टायर घातले तर चारही घाला. फक्त पुढे घातले तर मागची बाजू घसरेल. बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायच्या साखळ्यांची एकच जोडी असेल तर ती पुढच्या चाकांना. निघण्याआधी घरच्या अंगणात ती एकदा चढवून-उतरवून बघा, कारण बर्फात हे काम बधिर बोटांनी करायचं असतं.