द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड (१९३८)

इंग्लंडमधील शेरवुडच्या रानात राहणाऱ्या, श्रीमंतांना लुटून गोरगरिबांना देणाऱ्या दंतकथेतील धनुर्धाऱ्यावरचा अमेरिकन रंगीत चित्रपट. निर्मिती वॉर्नर ब्रदर्स. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ आणि विल्यम कीली. कीलीने सुरुवात केली, पण काम रेंगाळल्याने पुढची सूत्रे कर्टिझकडे गेली. प्रमुख भूमिका : एरल फ्लिन (रॉबिन), ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड (मॅरियन), क्लॉड रेन्स (राजपुत्र जॉन), बॅझिल रॅथबोन (गाय ऑफ गिझबर्न), ॲलन हेल (लिटल जॉन). रॉबिन हूडवर याआधीही चित्रपट झाले आणि नंतरही पुष्कळ झाले. तरी हिरवा अंगरखा, टोपीत पीस आणि कमरेवर हात ठेवून मोकळे हसणारा रॉबिन डोळ्यांपुढे येतो, तो बहुतेक वेळा याच चित्रपटातला असतो.

कथानक : धर्मयुद्धावरून परतताना राजा रिचर्ड ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डच्या कैदेत सापडतो. धाकटा भाऊ जॉन सत्ता बळकावतो आणि राजाच्या खंडणीच्या नावाखाली सॅक्सन, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या रहिवासी प्रजेवर कर लादतो. राजाचे हरीण मारल्याबद्दल मच नावाच्या गरिबाचा जीव जाणार असतो, तेव्हा सॅक्सन सरदार रॉबिन ऑफ लॉक्सली मध्ये पडतो. मग तेच हरीण खांद्यावर टाकून तो नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात भर मेजवानीत शिरतो आणि जॉनच्या पुढ्यात टाकतो. सगळ्या शत्रूंच्या मधोमध बसून तो जेवतो, जॉनला तोंडावर सुनावतो आणि मारामारी करत निसटतो. नायकाची ओळख करून देणारे इतके दमदार प्रसंग पडद्यावर थोडेच असतील.

ओंडक्याच्या पुलावर लाठ्या खेळून लिटल जॉन साथीला येतो, पाठोपाठ फ्रायर टक हा भिक्षू येतो. राजकोषाचा तांडा लुटल्यावर रॉबिन साथीदारांना विचारतो, या धनाचे काय करायचे? ते रिचर्डच्या सुटकेसाठी राखायचे, असा एकमुखी कौल मिळतो. नॉर्मन, म्हणजे फ्रान्सकडून आलेल्या राज्यकर्त्यांच्या गोटातल्या मॅरियनचे मन येथूनच वळू लागते. पुढे सोन्याच्या बाणाच्या आमिषाने भरवलेल्या तिरंदाजीच्या स्पर्धेत रॉबिन पकडला जातो, फाशीच्या तक्त्यावरून सुटतो. वेषांतर करून परतलेला रिचर्ड त्याला रानात भेटतो. जॉनच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत भिक्षूंचे झगे घालून सगळे किल्ल्यात शिरतात आणि जॉनचा साथीदार गिझबर्न रॉबिनच्या तलवारीने मरतो. रिचर्ड जॉनला हद्दपार करतो आणि रॉबिनला मॅरियनशी लग्न करण्याची आज्ञा देतो.

रॉबिन आणि गिझबर्नच्या द्वंद्वात दोघांच्या प्रचंड सावल्या खांबावर लढताना दिसतात. ही युक्ती कर्टिझच्या खास आवडीची. रॅथबोन खऱ्या आयुष्यात उत्तम तलवारबाज होता, पण खलनायकाच्या वाट्याला हरणेच आले.

निर्मिती : रॉबिनसाठी आधी जेम्स कॅग्नीचे नाव ठरले होते. १९३५ मध्ये स्टुडिओशी बिनसल्याने तो बाहेर पडला आणि भूमिका फ्लिनकडे आली. शेरवुड म्हणून दिसते ते कॅलिफोर्नियातील चिको गावचे बिडवेल उद्यान. तिथल्या ज्या विशाल वृक्षाखाली काही प्रसंग चित्रित झाले, तो हुकर ओक १९७७ मध्ये कोसळला. हिमालयातील व भारतातील वनस्पतींचा अभ्यास करणारे जोसेफ हुकर यांचे नाव त्याला दिलेले होते. चित्रीकरण तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर पद्धतीने झाले. एकाच कॅमेऱ्यात तीन फिती एकदम फिरत, म्हणून कॅमेरा अवजड आणि खर्च अफाट. एकूण सुमारे २० लाख डॉलर लागले. स्टुडिओचा तोवरचा हा सर्वांत महागडा चित्रपट होता. धनुर्धारी हॉवर्ड हिल याने बहुतेक बाण प्रत्यक्ष माणसांवर सोडले. कपड्यांखाली लाकूड व पोलादाचे कवच बांधलेल्या साहसवीरांना प्रत्येक बाणामागे १५० डॉलर मिळत. एवढ्या निष्णात माणसाला भूमिका मिळाली ती मात्र स्पर्धेत हरणाऱ्याची! ऑलिव्हियाचा सोनेरी घोडा पुढे काउबॉयपटांचा नायक रॉय रॉजर्स याचा ‘ट्रिगर’ म्हणून गाजला. ॲलन हेलने १९२२, १९३८ आणि १९५० अशा तीन चित्रपटांत लिटल जॉनच साकारला.

संगीताची हकिगत तर काळजाला भिडते. व्हिएन्नाचा ज्यू संगीतकार एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड १९३८ च्या आरंभी हॉलिवूडला आला, चित्रपट पाहिला आणि आपल्याला हे जमणार नाही म्हणून त्याने नकार दिला. पण ऑस्ट्रिया नाझींच्या घशात जाण्याची चिन्हे दिसू लागली. त्याने काम स्वीकारले, आणि मार्चमध्ये नाझी सैन्य ऑस्ट्रियात शिरले, तेव्हा तो अमेरिकेत होता. रॉबिन हूडमुळे माझा जीव वाचला, असे तो पुढे म्हणत असे. योगायोग असा, की इतिहासातला रिचर्ड पकडला गेला तोही व्हिएन्नाजवळच, ११९२ च्या डिसेंबरात. चित्रपट मात्र ११९१ साल दाखवतो. संगीत, संकलन आणि कलादिग्दर्शन अशी तीन ऑस्करे चित्रपटाला मिळाली.

दंतकथेशी नाते : चित्रपटातला रॉबिन निरनिराळ्या शतकांच्या तुकड्यांतून शिवलेला आहे. सुमारे १५०० मध्ये छापल्या गेलेल्या जुन्या दीर्घ पोवाड्यात तो सरदार नाही, साधा स्वतंत्र रयत आहे. त्याचे मुख्य रान यॉर्कशायरमधले बार्न्सडेल, राजाचे नाव एडवर्ड, आणि मॅरियनचा पत्ताच नाही. ती मे महिन्याच्या लोकोत्सवांतून नंतर आली. रिचर्डचा काळ त्याला १५२१ मध्ये इतिहासकार जॉन मेजरने जोडला, उमरावपद सोळाव्या शतकाअखेरच्या नाटकांनी दिले, तर सॅक्सन-नॉर्मन वैर मुख्यतः वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीतून आले. मराठीत तंट्या भिल्लाला ‘भारताचा रॉबिनहूड’ म्हणतात, तेव्हा मनात असतो तो हा शिवलेला, पूर्ण झालेला नायक.

शेवटही वेगळा. पडद्यावर रॉबिन मॅरियनचा हात धरून दरबारातून निघून जातो. पोवाड्यातला रॉबिन राजाच्या चाकरीत पंधरा महिने काढतो, रानाच्या ओढीने परततो, तिथे २२ वर्षे राहतो आणि अखेर उपचार म्हणून रक्त काढून घ्यायला कर्कलीजच्या मठात जातो. मठाची प्रमुख ते रक्त वाहू देते.