सी-आर्म म्हणजे सीटी नव्हे, आणि एका फोटोवर स्क्रू पास करू नका

परवा ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात एका पेशंटच्या मुलाने अडवलं. "दादा, आईच्या खांद्याचा सीटी कालच काढलाय ना, मग परत आत सीटीचं मशीन कशाला नेताय?" मी ढकलत होतो सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना तिथल्या तिथे एक्स-रे दाखवणारं मशीन. त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार, पण हाच घोळ जरा वेगळ्या रूपात ओटीच्या आतही चालतो आणि तिथे तो पेशंटला महागात पडतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सीटी सगळ्यांना माहितीये. गोल भोकातून टेबल आत सरकतं, ब्रेडच्या स्लाइससारखे काप मिळतात, ते मशीन बनवणाऱ्या हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनिअरने 1971 साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा मेंदू त्यावर बघितला आणि 1979 ला नोबेल घेतलं. खांद्याला मार लागून दंडाच्या हाडाचं वरचं टोक फुटलं की दोन, तीन, कधी चार तुकडे होतात आणि साध्या एक्स-रेत ते एकमेकांवर चढलेले दिसतात, कुठला कुठे पळालाय कळत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी सीटी. बास.

सी-आर्म म्हणजे सी अक्षरासारखी कमान, एका टोकाला ट्यूब, दुसऱ्या टोकाला डिटेक्टर, मध्ये पेशंट. जुने सर अजून त्याला आयआयटीव्ही म्हणतात, दोन्ही एकच आहेत, कृपया यावर वाद घालू नका. पायाने पेडल दाबलं की फोटो स्क्रीनवर. सीटी कालचा, सी-आर्म आत्ताचा, हा फरक सगळ्यांना कळतो.

न कळणारा फरक पुढे आहे. सीटी देतो काप, सी-आर्म देतो सावली. ऐकायला पुस्तकी वाटतं म्हणून कोणी मनावर घेत नाही.

खांद्यात दंडाच्या हाडाचा वरचा गोळा खांद्याच्या पात्याच्या वाटीवर फिरतो. फ्रॅक्चर जुळवून बाहेरून प्लेट लावतात आणि प्लेटमधून गोळ्यात स्क्रू मारतात. आपल्याकडे सर्रास वापरली जाते ती फिलॉस प्लेट, तिचे वरचे स्क्रू गोळ्यात पुढे-मागे फाकत जातात, दिशा प्लेटच ठरवते, सर्जनच्या हातात राहते ती फक्त लांबी. आता एखादा स्क्रू गोळ्याच्या मागच्या बाजूने दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलाय असं धरा. समोरून शॉट घेतला तर ते टोक गोळ्याच्या सावलीच्या ऐन मध्यात दिसतं, चारी बाजूंनी भरपूर हाड, स्क्रीनवर एकदम सुंदर फोटो, आणि तो स्क्रू त्या क्षणी सांध्यात असतो!

पटत नसेल तर एक मोसंबी घ्या. त्यात टूथपिक अशी खुपसा की टोक पलीकडून सालीबाहेर जरासं निघेल, अलीकडचा उरलेला भाग मोडून टाका. अंधारात मोबाईलचा टॉर्च लांब ठेवून भिंतीवर सावली पाडा. टोक भिंतीकडे असेल तर सावलीत नुसता स्वच्छ गोल, काहीही बाहेर नाही. आता मोसंबी हळूहळू फिरवा, पाव फेरी व्हायच्या आतच टोक कडेबाहेर डोकावेल. मोसंबी तीच, टूथपिकही तीच.

यातून निघणारा नियम एकतर्फी आहे आणि लोक नेमके तिथेच गंडतात. कुठल्याही एका फोटोत स्क्रू गोळ्याबाहेर दिसला, तर तो बाहेरच आहे, विषय संपला. पण एका फोटोत आत दिसला म्हणजे आत आहे, असं अजिबात नाही. सीटीच्या कापात जे दिसतं ते तिथेच असतं, त्या सवयीने लोक सी-आर्मची सावली वाचतात आणि समोरून एक शॉट घेऊन "मस्त आहे, सेव्ह कर" म्हणतात. माझं डोकंच फिरतं. निदान काखेतून एक घ्या! आणि त्याहून चांगलं म्हणजे प्लेट पक्की झाल्यावर पेडल दाबून दंड हळूहळू आत-बाहेर फिरवा, हाडाबरोबर स्क्रूही फिरतात, टोक कडेकडे सरकत येतं आणि मग परत मागे फिरतं. जिथून ते वळलं तिथे कडेपासूनचं अंतर सगळ्यात कमी, तेच खरं अंतर धरायचं, बाकी सगळे फोटो तुम्हाला खूष करायला असतात. त्यात गोळ्यावरची कूर्चा एक्स-रेत दिसतच नाही, म्हणून हाडाच्या कडेला टेकवून स्क्रू ठेवणं मला तरी पटत नाही, चार-पाच मिलिमीटर आखूड चालेल की. म्हाताऱ्या माणसाचं हाड इतकं भुसभुशीत असतं की ड्रिल पलीकडे गेलेलं हाताला कळतही नाही.

एका ठिकाणी मी ड्युटीवर असताना हे घडलेलं आहे. पेशंटला खुर्चीसारखं बसवलेलं, सगळं ड्रेपिंग झालं (निर्जंतुक कापडांनी झाकून), मग कळलं की टेबलाचा लोखंडी दांडा नेमका मध्ये येतोय आणि काखेतून काही दिसत नाही. आता कोण सगळं सोडणार, म्हणून समोरच्या फोटोवर काम उरकलं. तीन आठवड्यांनी आजी सांगत आल्या की हात फिरवला की आत करकर वाजतं, सीटी केला, मागचा एक स्क्रू बाहेर. परत भूल, परत टाके. तेव्हापासून मी पेंटिंगच्या, म्हणजे कातडीला जंतुनाशक लावायच्या, आधीच मशीन आत घेतो आणि दोन्ही दिशांनी एकेक शॉट मारून बघतो, पाच मिनिटं जातात, सिस्टर ओरडतात, ओरडू देत. (गोळा नंतर खचला की बरोबर बसवलेला स्क्रूही बाहेर येतो, ती वेगळी गोष्ट, त्याचं खापर सी-आर्मवर फोडू नका.)

रेडिएशनबद्दल एकच सांगतो, विखुरलेले किरण ट्यूबच्या बाजूला जास्त असतात, तिथे उभं राहू नका, आणि अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज लॉकरमध्ये लटकवून त्याचा डोस कमी आला म्हणून आनंद मानू नका.

आता थ्री-डी सी-आर्मही आलेत, कमान स्वतः पेशंटभोवती फिरून भरपूर सावल्या गोळा करते आणि कॉम्प्युटर त्यातून सीटीसारखे काप बनवतो. तसलं मशीन मी ढकलत असतो तर त्या मुलाचा प्रश्न निम्मा बरोबर ठरला असता. पण खांद्याच्या पेशंटला खुर्चीत बसवलं की त्या कमानीला फिरायला जागा मिळताना मारामार, आणि आमच्याकडचं मशीन तर साधंच आहे, त्याचा ब्रेकसुद्धा लाथ मारल्याशिवाय लागत नाही.