पालकसभा (नाशिक जिल्हा)

शाळेने पालकांना बोलावून त्यांच्याशी मुलांच्या अभ्यासाविषयी आणि शाळेच्या कारभाराविषयी बोलण्याची बैठक. इंग्रजी माध्यमात हिलाच ‘पीटीएम’ म्हणतात.

पालकांची जागा कायद्याने ठरवून दिली आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यानुसार जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतून निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात. खासगी शाळांना २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाप्रमाणे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापावा लागतो. एवढे असूनही ‘शाळेत बोलावलंय’ म्हटले की घरात पहिला प्रश्न उठतो तो ‘फी राहिली का, की पोरानं काही केलं?’ हाच. वर्षभर तक्रारीपुरतेच बोलावणे धाडणाऱ्या शाळांनी ही धास्ती स्वतःच रुजवली आहे.

नाशिकमध्ये सभेची हजेरी विषयापेक्षा वेळेवर ठरते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्या बापाला सकाळी अकराची सभा म्हणजे एक खाडा. ‘पालक उदासीन आहेत’ हा शिक्षकांचा लाडका शेरा अशा वेळी फारसा खरा नसतो. निफाड-दिंडोरीत द्राक्षांची छाटणी आणि काढणी सुरू असली की गावातली माणसे दिवसभर बागेत असतात. सुरगाणा-पेठची कुटुंबे तर मजुरीसाठी त्याच बागांकडे उतरतात, मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि प्रगतिपुस्तकावर आजोबांचा अंगठा उमटतो. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे तिथे सोयीचा वार वेगळा.

जून महिन्यात प्रवेशोत्सव होतो: पहिलीच्या मुलांना औक्षण, फुले, पुस्तके. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी मेळाव्यांत आईच मुलाला टेबलाटेबलावर नेते, वस्तू मोजायला लावते, चित्र रंगवून घेते. नंतर वस्तीतल्या आयांचे माता-पालक गट बनतात. या मेळाव्यात आईला भाषण ऐकत बसायचे नसते, म्हणून ती मोकळी होते. जानेवारीतल्या हळदीकुंकवाला माता जमतात खऱ्या, पण विधवा आणि मुस्लिम आया दारातच अवघडतात. त्यापेक्षा नुसता तिळगूळ ठेवला तर कोणाला बाजूला व्हावे लागत नाही.

बसायची सोयही पुष्कळ सांगून जाते. पाहुण्यांना व्यासपीठावर खुर्च्या, पालकांना सतरंजी, आणि ज्यांचे मूल मागे पडते त्यांचे गुण सर्वांदेखत वाचून दाखवायचे, असे झाले की तो पालक पुन्हा फिरकत नाही. वर्गातल्या बाकावर, बाईंच्या समोर, वही उघडून पाच मिनिटे बोलणे झाले तर मात्र वर्षभर ओळख राहते.

डायरीतल्या सूचनांची जागा आता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली आहे. तिथे पीडीएफ येतात, उत्तरादाखल अंगठे आणि हात जोडलेले येतात. वाचता न येणाऱ्या आईला बाईंचा आवाजी निरोप जास्त उपयोगी पडतो. आश्रमशाळांत, जिथे मूल वसतिगृहात आणि पाडा डोंगरापलीकडे असतो, तिथे पालकभेट बहुधा आठवडे बाजाराच्या दिवशी किंवा दिवाळीनंतर मूल पोहोचवायला आल्यावर होते. कोकणी (इथल्या कोकणा आदिवासींची) बोली येणारा शिक्षक हाताशी असेल, तर ती भेट सहीपुरती राहत नाही.